पुन्हा वॅक्स? हात जोडते!

तिसऱ्यांदा तेच! वाघोलीत टँकरचं जड, क्षारांचं पाणी. फरशी पुसली की वाळल्यावर पांढुरके फराटे. मग कुणीतरी येतं, "ताई, वॅक्स मारून देतो, आरशासारखी होईल." अहो, ही पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल आहे! पाणी शोषते फार तर ०.५ टक्के, वॅक्स मुरणार कुठे? वरच बसतं, पायांचे ठसे धरतं, महिन्यात सगळं धुरकट. हां, टाइल पॉलिश करताना बारीक छिद्रं मात्र उघडी पडतात, डाग शिरतो तिथे. त्यात मुरणारं सीलर, म्हणजे छिद्रं बंद करणारं द्रव लावायचं आणि उरलेलं वाळायच्या आत पुसून काढायचं. एवढंच! शिवाय बाथरूमचं ॲसिड ओतून सांध्यांतलं सिमेंट खाल्लं ते वेगळंच. आता दिवाळी तोंडावर आणि मी गुडघ्यांवर बसून तो वॅक्सचा थर उतरवतेय.