टोकियोसाठी जेआर पास? आधी हिशेब करा

'टोकियोला जाताय तर सात दिवसांचा जेआर पास घ्याच' हा टोकियोच्या सहलीवरच्या लेखातला सल्ला पटला नाही, कारण तोच ऐकून आम्ही पस्तावलो. (जेआर म्हणजे जपान रेल्वे; हा पास घेतला की तिच्या गाड्यांनी मुदतभर फिरता येतं.) एप्रिल 2024 मध्ये आई, मी आणि बायको गेलो होतो. इथे कोल्हापुरात एका एजंटाने माणशी 50,000 येनचे तीन पास गळ्यात मारले. ऑक्टोबर 2023 पूर्वी हाच पास 29,650 येनला होता, तेव्हाची गोष्ट वेगळी. पहिल्याच सकाळी टोकियोतल्याच असाकुसा भागात जायला निघालो आणि मेट्रोच्या फाटकावर अडलो. आपल्याकडे केएमटीचा (कोल्हापूरच्या शहर बसचा) पास एसटीत चालत नाही ना, अगदी तसंच! जेआर वेगळी, टोकियो मेट्रो वेगळी. आठवडाभरात त्या पासवर आम्ही यामानोते लाईनवर (जेआरची शहरात गोल फिरणारी लाईन) फिरलो आणि एकदा जवळच्या कामाकुरा गावाला गेलो, ज्याचं एका बाजूचं भाडं साधारण हजार येन आहे. अगदी लांबच्या क्योतो शहराला शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) जाऊन परत आलात तरी भाडं 30,000 येनच्या आतच होतं.

नुसतं टोकियो बघायचं असेल तर विमानतळावर 'वेलकम सुइका' कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं) घ्या. जेआर, मेट्रो, बस सगळीकडे चालतं, कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटलीही त्यावर मिळते. मुदत 28 दिवस. उरलेले पैसे मात्र परत मिळत नाहीत, म्हणून थोडे थोडे भरा, आणि भरायला रोख येन जवळ ठेवा. लेखकांनी एवढी दुरुस्ती जरूर करावी, आईवडिलांना घेऊन जाणारे बरेच लोक हे वाचून पैसे भरतील.