लोकसेवेत जायचंय? मग लोकांपासून लांब राहा

बारावीला सायन्स झेपलं नाही, नीटच्या निकालानं घरात सुतक पाडलं, की आपल्याकडं पोराला अधिकारी करायचं ठरतं. लातूर पॅटर्नातून गळालेली पोरं बी.ए.च्या वाट्याला येतात. त्यात लाजायचं काही कारण नाही. इतिहास, राज्यशास्त्र, लोकप्रशासन असे तीन विषय घ्या आणि प्रवेशाच्या दिवसापासून "यूपीएससी करायलोय" असं सांगायला लागा. पारावर कुणी वडलांना विचारलं, "पोरगं काय करायलंय सध्या?" की त्यांनीही मान ताठ करून हेच सांगावं. एकदा गावभर झालं की पुढची सात-आठ वर्षं सोयाबीन काढायला तुम्हाला कुणी हाक मारत नाही. सोयरिकीवालेही "निकाल लागू द्या, मग बघू" म्हणून चहा पिऊन जातात.

आता अभ्यासाचं बघू. माझा सल्ला एवढाच की जे पुस्तकात आहे ते गावात शोधायचं नाही, आणि जे गावात आहे ते पुस्तकात आलं तरी ओळख दाखवायची नाही. हे जमलं तर बाकी सगळं जमतं.

कौटिल्यापासून सुरुवात करा. सप्तांग सिद्धांत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र. पाठ करताना पहिल्या दोघांवर जोर असू द्या. जनपद, म्हणजे मुलूख आणि त्यातली माणसं, तिसऱ्या नंबरवर आहे, त्याची घाई नाही.

मग पंचायत राज. इथं गुण पडून असतात, नुसते वेचायचे. 1957 ची बलवंतराय मेहता समिती, 1961 चा वसंतराव नाईक समितीचा अहवाल, त्याच्या 226 शिफारशी, 73 वी घटनादुरुस्ती, ती लागू झाली ती तारीख 24 एप्रिल 1993, अकराव्या अनुसूचीतले 29 विषय. झोपेतून उठवून विचारलं तरी धडाधडा सांगता आलं पाहिजे. या सगळ्यात ग्रामसभा नावाचं एक प्रकरण येतं. कलम 243 अ. ती आपल्याही गावात भरते अशी अफवा आहे, पण तुम्ही तिकडं लक्ष देऊ नका.

समजा सुटीला गावी आलाय आणि 15 ऑगस्ट आहे. झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटाचे पुडे वाटून झाले. तुम्ही ओसरीवर प्रश्नसंच उघडून बसलाय. प्रश्न आहे, ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी कमीत कमी हजेरी, किती? तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई काखेत रजिस्टर मारून दारात येतो. "भैय्या, इथं एक सही ठोका बरं." कशाची सही, असलं विचारायचं नाही. पुस्तकातली मान वर न करता डाव्या हातानं रजिस्टर ओढा, सही करा आणि उजव्या हातानं पर्याय 'ब' ला गोल करा: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यापैकी जे कमी असेल ते. उत्तर बरोबर येतं आणि गणपूर्तीही होते. एका बैठकीत सिद्धांत आणि प्रात्यक्षिक दोन्ही उरकलं. पुढं कधी कुणी माहितीच्या अधिकारात ते रजिस्टर काढलंच, तर पेव्हर ब्लॉकच्या ठरावाला अनुमोदक म्हणून तुमचंच नाव निघेल आणि खाली 'सर्वानुमते मंजूर' असा शेरा असेल. हरकत नाही. तो कायदा 2005 चा आहे आणि उत्तर द्यायची मुदत 30 दिवसांची आहे, हे तुम्हाला माहीत आहे. अर्ज कसा लिहितात ते विचारत नाहीत.

बी.ए. झालं की लॉ लावून ठेवा. लावून ठेवायचं, शिकायचं नाही. वकिली करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, ते बिचारे खरंच पुस्तकं वाचतात. तुम्हाला लॉ हवं ते ऐच्छिक विषयासाठी, होस्टेलसाठी आणि "रिकामा हिंडतोय का?" या प्रश्नाला उत्तर म्हणून. सीईटी द्या, तीन वर्षांच्या कोर्सला नाव घाला. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत 70 टक्के हजेरीची अट आहे, ती पाठ करा म्हणजे तीही प्रश्नात आली तर चुकणार नाही.

अडचण होते ती शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाची. एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले कोर्टात बसून बघा आणि लिहून काढा, वकिलाच्या ऑफिसात पक्षकाराशी बोलणं कसं चालतं ते दोनदा समोर बसून ऐका, असा नियम करून ठेवलाय कुणीतरी. चांगलं शिकवायच्या नादात माणसं किती त्रास देतात! पण घाबरू नका. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान असतं, त्याच्याकडं मागच्या सालची डायरी मिळते. त्या डायरीत बांधाचं भांडण आहे, वादी रामराव, प्रतिवादी शामराव. हे दोघं किती बॅचपासून त्या मशिनीत भांडतायत देव जाणे, पण एकदाही समेट झाला नाही आणि एकदाही निकाल लागला नाही, त्यामुळं सगळं अगदी खरं वाटतं. शाई तेवढी बदला. तपासणारेही ही डायरी लिहूनच पास झालेले असतात.

जुनं गाईड मात्र घेऊ नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता गेली आणि न्याय संहिता आली. खुनाचं 302 आता 103 झालं, 420 ची फसवणूक 318 मध्ये जाऊन बसली. आकडे बदलले की अभ्यास झाला असं समजायला हरकत नाही.

एक धोका सांगून ठेवतो. लॉ लावलंय हे कळलं की गावातले म्हातारे तुम्हाला गाठतात. प्लास्टिकच्या पिशवीतून, पिशवीतल्या फडक्यातून, फडक्यातल्या जुन्या वहीतून एक घडीवर फाटलेला कागद निघतो. "बाळा, तू कायद्याचं शिकायलास म्हणं. हे सेतवाराचं हाय, बघ बरं आपल्या रानाचं काय लिवलंय." सेतवार म्हणजे जमीन मोजणीची जुनी नोंद. आत उर्दू. दुसरा कागद खासऱ्याचा, म्हणजे शेतवार नोंदीचा, तिसऱ्यावर मदतमाश इनामाचा, म्हणजे निर्वाहासाठी दिलेल्या जमिनीचा उल्लेख. निजामाच्या राज्यातल्या जमिनींचे कायदेच वेगळे होते. कुळांचा 1950 चा हैदराबादचा कायदा वेगळा, इनामांचा 1954 चा वेगळा, आणि त्यावरचे दावे अजूनही आपल्या तहसिलांत चालू आहेत. 2023 साली निजामकालीन नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. बाकीचे आपण व्हॉट्सॲपवर कायदेपंडित होतो. खरं सांगायचं तर तो एक कागद नीट लावता येणं म्हणजे अर्धा महसूल कायदा. पण तुम्ही मोहात पडू नका. कागद होता तसा घडी घालून परत द्या आणि शांतपणे सांगा, "आबा, माझं स्पेशलायझेशन राज्यघटनेत आहे."

राज्यघटनेत तरी असूद्या. कलम 371 (2) निघेल तेव्हा मराठवाडा हा शब्द दिसेल. राष्ट्रपतींनी राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकायची, विकास मंडळं नेमायची, पैसा न्याय्य वाटायचा. 1956 ला हे कलम घटनेत आलं, मंडळं 1994 ला आली आणि 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. मधली 38 वर्षं कुठं गेली, असला प्रश्न डोक्यात आला तर पंख्याखाली जाऊन बसा. वस्तुनिष्ठ परीक्षेत त्याला पर्याय नसतो.

नामांतराचंही तेच. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनी 1950 साली औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढलं. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं 27 जुलै 1978 ला केला आणि नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. विधिमंडळानं एकमतानं केलेली गोष्ट रस्त्यावर सोळा वर्षं का अडते, मधल्या काळात कुणाची घरं जळली आणि ती कुणी जाळली, यात राज्यशास्त्राचे चार पेपर बसतील. तुम्ही विद्यापीठाच्या गेटपुढं फोटो काढा आणि दोन्ही तारखांचं फ्लॅशकार्ड करा.

यानंतर नांदेड-पनवेल गाडीला बसून पुण्याला जा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहा. अभ्यासिकेत खुर्ची अडवायला पाण्याची बाटली ठेवायची असते, हा मालमत्तेच्या हक्काचा तिथला एकमेव मान्य सिद्धांत आहे. रात्री चहाच्या टपरीवर कटऑफ, स्ट्रॅटेजी आणि कुणी कोणती पोस्ट काढली यावर बोला. घरून फोन आला आणि आई म्हणाली, "पाऊस नाही रे यंदा," तर मान्सूनचा नकाशा आठवा.

आंदोलन करायचं का? करा की, पण योग्य कारणासाठी. 1938 साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोरांनी वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला, विद्यापीठातून नावं कटली आणि शिकायला नागपूर गाठावं लागलं. त्यातला पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एकजण पुढं पंतप्रधान झाला म्हणून ठीक, एरवी वर्षं वायाच. तुम्ही 2023 च्या पुण्याचा आदर्श ठेवा. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार, म्हणजे स्वतःच्या वाक्यात उत्तर लिहावं लागणार म्हटल्यावर हजारोंनी रस्ता धरला आणि आयोगाला बदल 2025 पर्यंत ढकलायला लावला. त्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं गोल रंगवलेल्या हाताला एकाएकी निबंध लिही म्हणणं म्हणजे अन्यायच. पण एवढी माणसं, एवढी शिस्त, एवढी स्पष्ट मागणी आपल्या एखाद्या तालुक्याच्या पीकविम्यासाठी उभी राहिली असती तर, असा विचार कुणी करायला लागला तर त्याला टेस्ट सिरीज लावा.

न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर तो रस्ता जरा बिघडलाय. सुप्रीम कोर्टानं 20 मे 2025 ला सांगितलं की दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व्हायला तीन वर्षांची वकिली हवी. म्हणजे कोर्टात जावं लागणार, पुकाऱ्याला उभं राहावं लागणार आणि अंबडहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या बाईला संध्याकाळी "पुढची तारीख मिळाली" हे तोंडानं सांगावं लागणार. इतकं जनतेत मिसळायची तयारी नसेल तर सरळ उपजिल्हाधिकारी व्हा.

शेवटचा टप्पा मुलाखतीचा, 275 गुणांचा. कोट भाड्यानं मिळतो, टाय बांधून मिळतो. मराठवाड्याची, जिल्ह्याची माहिती पाठ करून जा: वेरूळ, पैठणी, औंढा नागनाथ, तालुके किती, साखर कारखाने किती. पॅनलवरचे साहेब चष्म्यावरून बघत विचारतील, "तुम्ही ग्रामीण भागातून आलात. संधी मिळाली तर गावपातळीवर पहिलं काम कोणतं कराल?" इथं घाई नको. दोन सेकंद थांबा, हलकं हसा, नजरेला नजर भिडवा आणि म्हणा, "सर, मी ग्रामसभा बळकट करेन." पोटप्रश्न आलाच तर तो गणपूर्तीचा असेल. पर्याय 'ब'.