चौथ्या रांगेतले सर

आज संध्याकाळी आमच्या भागात एका नऊ वर्षांच्या मुलीचा सत्कार झाला. बुद्धिबळात राज्यात पहिली आली पोर. शाल, श्रीफळ, तिच्या खांद्याला लागेल एवढी ट्रॉफी. आईवडील स्टेजवर, आजी स्टेजवर, देणगीदार स्टेजवर, देणगीदारांचे मित्र स्टेजवर. आणि तिला पाचव्या वर्षी पट कसा मांडायचा, पांढरं घर उजव्या हाताला कसं यायला हवं, हे शिकवणारे सर चौथ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर. चार भाषणं झाली. एकातही त्यांचं नाव आलं नाही. एक वक्ते तर म्हणाले, हल्ली सगळं मोबाईलवर शिकता येतं, हे सगळं मुलीचं स्वतःचं आहे. सर टाळ्या वाजवत होते.

घरी आलो, जेवलो नाही, आणि हे लिहायला बसलोय. लांब होईल. ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचा.

मला तिथे बसल्या बसल्या सेम्यॉन फुर्मन आठवला, बुद्धिबळातला विश्वविजेता अनातोली कार्पोव्हचा गुरू. कार्पोव्ह सगळ्यांना माहीत आहे. बुद्धिबळाचा पट आयुष्यात मांडला नसेल त्यालाही कार्पोव्ह माहीत असतो. फुर्मन कुणाला माहीत आहे? माझ्या मित्रयादीत बुद्धिबळ खेळलेले पन्नासएक जण तरी आहेत, त्यांनी मनाशी खरं उत्तर द्यावं.

सेम्यॉन अब्रामोविच फुर्मन. जन्म १९२०, पिन्स्क, म्हणजे आजच्या बेलारूसमध्ये. आयुष्य गेलं लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये. १९४८ च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत हा माणूस तिसरा आला. वर कोण? ब्रॉनस्टाइन आणि कोटोव्ह, दोघं मिळून पहिले. त्या काळी सोव्हिएत अजिंक्यपद म्हणजे काय होतं ते जाणकारांना सांगायला नको. जगातल्या बहुतेक स्पर्धांपेक्षा ती स्पर्धा अवघड होती, आणि हा अठ्ठावीस वर्षांचा, फारसा कुणाला माहीत नसलेला खेळाडू तिथे तिसरा. पांढऱ्या मोहऱ्या मिळाल्या की फुर्मन विश्वविजेता असतो, असं त्याच्याबद्दल म्हटलं जायचं. काळ्यांनी खेळताना ती जादू राहत नसे, तेही खरं. पण ज्याला स्वतःला खेळता येत नाही तो शिकवतो, असं जे आपल्याकडे सर्रास बोललं जातं ना, ते बोलणाऱ्यांनी एकदा फुर्मनचे पांढऱ्यांचे डाव पटावर मांडून बघावेत.

मग त्याने काय केलं? स्वतःच्या डोक्यातलं दुसऱ्यांना देत सुटला. १९५१ मध्ये ब्रॉनस्टाइन तेव्हाच्या विश्वविजेत्या बॉटविनिकशी विश्वविजेतेपदाचा सामना खेळला, १२-१२ असा बरोबरीत सुटलेला तो प्रसिद्ध सामना, तेव्हा ब्रॉनस्टाइनच्या मदतीला फुर्मन होता. दहा वर्षांनी, मधल्या काळात विश्वविजेता झालेल्या तालकडून किताब परत घ्यायला बॉटविनिकला तयारी करायची होती, तेव्हा त्याने सरावाचे डाव खेळायला कुणाला बोलावलं? फुर्मनला. काल ज्याच्याविरुद्ध मदत केली त्यानेच आज घरी बोलवावं, यावरून त्या माणसाच्या ज्ञानाची आणि सचोटीची कल्पना करा. पुढे कोर्चनॉय या लेनिनग्राडच्याच बड्या खेळाडूबरोबर काम केलं. स्वतःला ग्रँडमास्टर किताब मिळाला १९६६ मध्ये. वयाच्या ४५ व्या वर्षी!

इथे थांबून माझी एक गोष्ट सांगतो.

१९८७. मी तेरा वर्षांचा. जिल्हा स्पर्धेत माझा डाव रात्री तहकूब झाला. तरुण मित्रांसाठी सांगतो, तेव्हा डाव एका बैठकीत संपला नाही तर पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, पाकीट पंचांकडे द्यायचं आणि डाव दुसऱ्या दिवशी पुढे सुरू व्हायचा. हत्तीचा एंडगेम होता, म्हणजे थोड्याच मोहऱ्या उरलेला डावाचा शेवटचा टप्पा, माझं एक प्यादं जास्त. मी घरी जाऊन झोपलो. सकाळी सहाला दारात सायकलची घंटा. आमचे सर. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्हा दहाबारा पोरांना शिकवायचे ते सर. हातात विजेच्या बिलाचा कागद, मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात चाली. तांबारलेले डोळे. म्हणाले, "राजा आधी पुढे काढ, प्याद्याची घाई करू नकोस." मी जिंकलो. गावात माझं नाव झालं. माझं.

आता फुर्मनचं काम काय होतं हे कळेल. मोठ्या सामन्यांत पाच तास खेळून डाव तहकूब व्हायचा, खेळाडू झोपायला जायचा आणि प्रशिक्षक रात्रभर पटासमोर बसायचा. पाकिटात कोणती चाल असेल, ही असेल तर काय, ती असेल तर काय. एकेका फांदीला दहा फांद्या. इंजिन नाही, संगणक नाही. सकाळी खेळाडूला चहाबरोबर तयार मार्ग हातात. दुपारी खेळाडू तो खेळतो आणि वर्तमानपत्रात छापून येतं, काय अचूक एंडगेम खेळला! खेळाडूही खपतो, नाही म्हणत नाही. पटावर घड्याळासमोर शेवटी त्यालाच बसायचं असतं, ते मान्य. पण त्या रात्री कुणाच्या नावावर लिहायच्या?

कार्पोव्ह. उरलमधल्या झ्लातउस्तचा मुलगा, पुढे तुलाला राहायला गेलेला. बॉटविनिकच्या शाळेत गेला होता लहानपणी, आणि तिथे सुरुवातीला त्याच्याबद्दल फार बरं मत झालं नाही असं सांगतात. विचार करा, खुद्द बॉटविनिकची नजर. मग १९६८-६९ च्या सुमारास सैन्याच्या क्रीडा क्लबात हा बारीक अंगाचा पोरगा फुर्मनच्या हाताखाली आला. १९६९ मध्ये स्टॉकहोमला ज्युनियर विश्वविजेता झाला. पुढे विश्वविजेता झालेल्या स्पास्कीने १९५५ मध्ये जिंकल्यानंतर चौदा वर्षांनी एका सोव्हिएत मुलाने ते जिंकलं. आणि त्यानंतर कार्पोव्हने काय केलं माहीत आहे? मॉस्को विद्यापीठ सोडलं आणि लेनिनग्राडला गेला. कशासाठी? फुर्मन तिथे राहत होता म्हणून. लोक गुरूला आपल्या गावी बोलावतात, मानधन किती घ्याल विचारतात. हा मुलगा बिऱ्हाड उचलून गुरूच्या गावी गेला.

हे लिहिताना मला सुचेनासं होतंय, कारण मी याच्या बरोबर उलटं केलं.

त्या जिल्हा स्पर्धेनंतर वर्षभरात मी मोठ्या शहरातल्या, नाव असलेल्या प्रशिक्षकांकडे जायला लागलो. सरांना सांगितलं नाही. दोन रविवार गेलोच नाही, तिसऱ्या रविवारी वडील म्हणाले, जाऊन पाया तरी पड. गेलो. सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातून दोनशे पानी वही काढून दिली. त्यात माझा तो हत्तीचा एंडगेम होता, सहा पानं. डाव जिंकून वर्ष उलटलं तरी हा माणूस तो सोडवत बसला होता! शेवटी लाल शाईत लिहिलं होतं: आपण जिंकलो, पण मी सांगितलेला मार्ग बरोबर नव्हता, ५३ व्या चालीला काळा राजा मागे आणून काळा वाचत होता, चूक माझी. म्हणाले, "नव्या सरांना दाखव ही. अजून काही चुकलं असेल तर त्यांना दिसेल."

मी दाखवली नाही. वहीचं कव्हर फाटलेलं होतं, मला लाज वाटली.

असो. १९७४. विश्वविजेत्या फिशरला आव्हान कोण देणार, हे ठरवणारे सामने. कार्पोव्हने लेनिनग्राडमध्ये स्पास्कीला हरवलं, चार विजय, एक हार. मग मॉस्कोत अंतिम सामना कोर्चनॉयशी, तोच कोर्चनॉय ज्याच्याबरोबर फुर्मनने काम केलं होतं. तीन विजय, दोन पराभव, १९ डाव बरोबरीत. फिशर खेळायला आलाच नाही आणि एप्रिल १९७५ मध्ये कार्पोव्ह बारावा विश्वविजेता झाला. कोर्चनॉयच्या बाजूने बघितलं तर त्याला या सगळ्याचा सल वाटला असणारच, आणि सोव्हिएत यंत्रणेचा हात कोणाच्या डोक्यावर होता हेही उघड आहे. ते मी नाकारत नाही. मी बोलतोय ते पटाच्या मागे बसलेल्या माणसाबद्दल.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. मार्च १९७७, बाड लाउटरबर्ग, पश्चिम जर्मनी. सोळा खेळाडूंची तगडी स्पर्धा. विश्वविजेता कार्पोव्ह पहिला, १५ पैकी १२ गुण. दुसरा टिमान, १० गुण. तिसरा कोण? फुर्मन. साडेनऊ गुण! वय ५६. ज्या वयात आपल्याकडे माणूस निवृत्तीचा हिशेब मांडायला लागतो, त्या वयात हा गुरू शिष्याबरोबर त्याच स्पर्धेत उतरतो आणि ह्युबनर, अँडरसन, ग्लिगोरिच, माइल्स अशा नावांच्या वर संपवतो. माद्रिदला १९७३ मध्येही दोघं असेच एकत्र खेळले होते. मला पक्कं वाटतं की शिकवता शिकवता फुर्मनचा स्वतःचा खेळ वाढला. शिष्याला द्यायला रोज नवं शोधावं लागतं, म्हणून वाढला. पुरावा मागू नका, मी दहा वर्षं पोरांना शिकवलंय, मला माहीत आहे.

एका वर्षाने, १७ मार्च १९७८ ला फुर्मन गेला. कर्करोग. सत्तावन्न वर्षांचा होता. चार महिन्यांनी फिलिपिन्समधल्या बागियोला कार्पोव्ह-कोर्चनॉय विश्वविजेतेपदाचा सामना सुरू झाला. सहा डाव आधी जिंकेल तो विजेता. दोघांचेही डाव आतून ओळखणारा तो एकच माणूस, आणि तोच नाही. कार्पोव्ह ५-२ ने पुढे होता. एक विजय हवा होता. आणि मग कोर्चनॉयने चार डावांत तीन जिंकले. ५-५! बत्तिसाव्या डावात कार्पोव्ह वाचला, जिंकला. ताल होता कार्पोव्हबरोबर, बालाशोव्ह होता, झाइत्सेव्ह होता, एकापेक्षा एक. तरी मला नेहमी वाटतं, त्या घसरणीच्या दिवसांत खोलीत एक खुर्ची रिकामी दिसत असेल त्याला.

कार्पोव्हने पुढे आयुष्यभर फुर्मनचं नाव आदराने घेतलं. हे त्याचं मोठेपण, आणि इथे मला कार्पोव्हबद्दल दुसरं काही ऐकायचं नाही.

कुणी म्हणेल, तिकडे प्रशिक्षकाला पगार होता, हुद्दा होता, सरकार पाठीशी होतं, आपल्याकडे कुठे तसं. बरोबर आहे. पण एक नाव उच्चारायला सरकार लागत नाही हो! माइक हातात होता. "आणि हिचे पहिले सर इथे बसलेत, त्यांनी वर यावं," एवढं म्हणायला पाच सेकंद लागतात. पाच सेकंद! देणगीदाराच्या व्यवसायाची माहिती द्यायला सात मिनिटं होती तुमच्याकडे.

आईवडिलांवर मी रागावलो होतो इथवर लिहिताना. आता कमी झालाय राग. गडबडीत राहून गेलं असेल. मुलगी खाली उतरल्यावर धावत सरांकडे गेली होती, ट्रॉफी त्यांच्या मांडीवर ठेवून. तो फोटो कुणी काढला नाही, फोटोग्राफर स्टेजसमोर होता. तिच्या आईला मघाशी मेसेज केलाय की सरांचा नंबर द्या. उद्या सकाळी जाणार आहे त्यांच्याकडे.

वही आत्ता समोर उघडी आहे. ५३ वी चाल पटावर मांडून बघितली. सर बरोबर होते, काळा वाचतो.

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीचा, १९८५ ते ८८ मधला फोटो कुणाकडे असेल तर पाठवा. सर खिडकीपाशी उभे असायचे, कडेला, म्हणून फोटोत बहुतेक अर्धेच येतात. अर्धे आले असतील तरी पाठवा.