नोटीस बाईंना, आणि टाकी वाहतेय गच्चीवर

आज पहाटे पावणेसहाला सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो धो धो वाहत होता. चांगला अर्धा तास. आणि खाली लिफ्टशेजारी कालचीच ताजी नोटीस: घरकामाच्या बाईंना भांडी घासताना नळ बारीक ठेवायला सांगावे, पाण्याचे बिल वाढले आहे.

वा!

पंप मिनिटाला १०० लिटर चढवत असेल, तर अर्ध्या तासात ३,००० लिटर गेले. बाईंनी त्यासाठी किती भांडी घासायची? बरं, मान्य, नळ सोडून भांडी घासली की पाणी जातं. पुढे बोलू या.

मीटर असतो महापालिकेच्या जोडणीवर, खालच्या टाकीच्याही आधी. म्हणजे गच्चीवरून वाहिलेलं पाणी बिलात येतंच, शिवाय ते वर चढवायची वीज कॉमन मीटरवर. मुंबईत माणशी दिवसाला १५० लिटरच्या पुढे वापर गेला की दर टप्प्याटप्प्याने चढतो, वर मलनिस्सारण आकार. तीच गत खालच्या टाकीच्या बॉलकॉकची, म्हणजे टाकी भरली की येणारं पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याची. तो अडकला तर पाणी यायच्या वेळेत टाकी भरून सरळ गटारात, आणि रात्रीची वेळ असेल तर कुणाला पत्ताही नाही.

वॉचमनला ओरडू नका. रात्रभर जागलेला माणूस, पहाटे दूधवाला, पेपरवाला, गेट आणि पंप, सगळं एकट्याने बघतो. तिथे टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच हवा. असेल तर त्याच्या वायरवरचं वजन सरकलंय का ते बघा. सरकलं की फ्लोट आतल्या शिडीला अडकून बसतो आणि पंप थांबतच नाही. सळयांचा सेन्सर असेल तर सळयांवर थर चढतो, पाणी टेकलेलं त्याला कळत नाही. टाकी धुताना सळया पॉलिश पेपरने घासायच्या, एवढंच.

आता घरातलं. खरा चोर फ्लश आहे. टाकीत चमचाभर खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर टाकी गळतेय, बहुधा तळाचा रबर वॉशर गेला. पण आधी टाकीचं झाकण काढून बघा. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत आलंय का? फ्लोट खाली आणा, पातळी तोंडाखाली इंचभर ठेवा. वॉशर नेताना जुना सोबत न्या, अंदाजाने आणलेला हमखास बसत नाही. मिनिटाला १०० मिली गळती म्हणजे दिवसाला १४४ लिटर. घरात एक न दिसणारा भाडेकरू, आणि नोटीस बाईंना!

जुनी दहा लिटरची टाकी असेल तर पाणी भरलेली लिटरची बाटली आत उभी करा. वीट नको, ती झिजून तिची माती वॉशरखाली जाते. ठिबकणाऱ्या नळाचं मात्र उगाच मोठं केलं जातं: सेकंदाला एक थेंब पडला तरी फ्लशच्या गळतीपुढे ते थोडंच. वॉशर बदला, पण आधी फ्लश.

नळाच्या तोंडाला पाण्यात हवा मिसळणारी जाळी (एरेटर) बसवा, स्वयंपाकघरात फरक दिसतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर मात्र सांभाळून, तिथे दाब मुळातच कमी. पाणी बंद राहून परत आलं की जाळीत गाळ अडकतो, काढून धुऊन घ्या.

आणि ते आरओ फिल्टर! तानसा-भातसाचं गोडं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या कितीतरी खाली, आणि लिटरभर प्यायला दोन-तीन लिटर मोरीत. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर अतिनील किरणांचा यूव्ही फिल्टर पुरे. आरओ आधीच घेऊन बसला असाल तर सोडलेलं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला चालतं.

संपूर्ण इमारतीची परीक्षाही सोपी आहे. रात्री दीडला पंप बंद असताना वरच्या टाकीत काठी बुडवून खूण करा, चारला परत बघा. ३ बाय २ मीटरच्या टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे ६० लिटर. पाच सेंटीमीटर उतरलं, तर ३०० लिटर त्या अडीच तासांत कुणी प्यायलं? एखाददुसरा उठतो रात्री, ते धरूनही.

काठी आहे. गच्चीची किल्ली कुणाकडे असते, तेवढं कमेंटमध्ये सांगा.