राडारोडा घातला खरा, पण कशाच्या जागी?

सध्या जो तो 'ग्रीन काँक्रीट'ची जाहिरात करतोय. पाडलेल्या इमारतीचा राडारोडा दळला, नव्या काँक्रीटमध्ये घातला, की पर्यावरण वाचलं, असा एकंदर सूर. माझा रोजचा संबंध याच मालाशी येतो आणि मी या कल्पनेच्या बाजूचाच आहे. म्हणूनच जाहिरातीत एक प्रश्न सोयीस्करपणे गाळलेला दिसला की चिडचिड होते. राडारोडा घातला, मान्य. पण कशाच्या जागी? खडीच्या की सिमेंटच्या?

काँक्रीटच्या वजनात खडी-वाळू पाऊण हिस्सा, सिमेंट जेमतेम 10 ते 15 टक्के. पण कार्बन डायऑक्साइडचं पाप जवळपास सगळं त्या 10-15 टक्क्यांच्या माथी. क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून मिळणारा आणि दळला की सिमेंट होणारा माल, बनवायला भट्टी साधारण 1450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. बरं, नुसत्या इंधनाचा प्रश्न असता तर इंधन बदलून सुटला असता. सिमेंटच्या भट्टीतून निघणाऱ्या या वायूपैकी साधारण 60 टक्के वायू चुनखडीचं विघटन होतानाच बाहेर पडतो. खाली काहीही जाळा, तो निघणारच.

खडीच्या जागी राडारोडा घातला तर डोंगर वाचतात, नद्यांचे तळ वाचतात. ही छोटी गोष्ट नाही. जग वर्षाला सुमारे 50 अब्ज टन वाळू-खडी उपसतं, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. पण 'कार्बन वाचवला' हा दावा तिथे टिकत नाही. कधीकधी तर उलटंच होतं, आणि ते कसं होतं हे साईटवरच कळतं.

जुन्या काँक्रीटची फोडलेली खडी हातात घेऊन बघा. आत मूळ दगड असतो, पण त्याच्या अंगाला जुन्या मसाल्याचा करडा, भुसभुशीत थर चिकटलेला असतो. बादलीत टाकली की मिनिटभर बारीक बुडबुडे येत राहतात. नैसर्गिक खडी सहसा एक-दोन टक्के पाणी पिते, ही पाच-सात टक्के सहज पिते. आता हीच खडी कोरडी मिक्सरमध्ये गेली तर? प्लँटवर स्लम्प (ओल्या काँक्रीटच्या सैलपणाचं माप) झकास मिळतो, आणि गाडी साईटवर पोहोचेपर्यंत माल आवळलेला. मग कोणीतरी पाइप उचलतो आणि ड्रममध्ये पाणी सोडतो. त्या पाण्याने ताकद घटून क्यूब (तपासणीसाठी ओतलेले काँक्रीटचे ठोकळे) लवकर फुटले की दोष राडारोड्याला! पुढच्या वेळी डिझाइन करणारा बिचारा धसका घेऊन सिमेंट वाढवतो. म्हणजे खडीत वाचवलेलं सिमेंटमध्ये घालवलं, वर 'ग्रीन'चा शिक्का आहेच. वास्तविक उपाय साधा आहे: खडी आधी भिजवून, वरून कोरडी करून वापरायची. जास्तीचं पाणी मिक्सरमध्ये जात नाही, आणि खडीच्या पोटातलं पाणी नंतर हळूहळू सुटून आतून क्युरिंगलाही (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देण्याला) हातभार लावतं.

पण माझा खरा जीव अडकलाय तो भुकटीत. क्रशरखाली साचणारी बारीक पूड सगळ्यांना नकोशी असते. पाणी फार पिते म्हणून चाळून बाजूला काढतात आणि भरावात लोटून देतात. सिमेंटची जागा थोडीफार घेऊ शकेल असा राडारोड्यातला जिन्नस हीच तर आहे!

विटेची पूड घ्या. नीट भाजलेल्या मातीतली सिलिका आणि अल्युमिना बारीक दळली की सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावतात आणि सिमेंटसारखाच बांधणारा पदार्थ तयार होतो. यात नवीन काही नाही. इस्तंबूलमधल्या, सहाव्या शतकातल्या हागिया सोफियाच्या चुन्यात विटेचा चुरा आहे. 1895 साली पूर्ण झालेलं केरळातलं मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीत बांधलंय; सुरखी म्हणजे हीच विटेची पूड. आपल्या पणजोबांच्या काळच्या गवंड्याला हे ठाऊक होतं, पोर्टलंड सिमेंट स्वस्त झालं आणि आपण विसरलो. (अर्थात सगळ्याच विटा चालत नाहीत. अति भाजून काचेसारखी टणक झालेली वीट दळून फारसा उपयोग नसतो.)

काँक्रीटच्या पुडीचं गणित वेगळं. त्यातलं सिमेंट एकदा पाण्याशी जमून गेलंय, त्यामुळे ती नुसतीच घातली तर बरीचशी फिलरचं, म्हणजे नुसती पोकळी भरायचं, काम करते. पण त्याच पुडीला ओलाव्यात कार्बन डायऑक्साइड पाजला तर ती तो वायू पकडून ठेवते आणि मागे उरलेलं सिलिका-अल्युमिनाचं जेल चुन्याशी संयोग पावतं. केंब्रिजच्या संशोधकांनी याहून धाडसी वाट काढली: जुन्या काँक्रीटमधलं सिमेंट स्टील वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत चुन्याच्या जागी वापरायचं आणि वर येणारी मळी (स्लॅग) झपाट्याने थंड करून, दळून पुन्हा सिमेंट करायचं. 2024 मध्ये 'नेचर'मध्ये तो शोधनिबंध आला. यातलं मोठ्या प्रमाणावर किती उतरेल ते बघू, पण दिशा मला पटते.

मानकं नाहीत ही सबबही आता जुनी झाली. खडी-वाळूच्या भारतीय मानकात, आयएस 383 मध्ये, 2016 पासून लिहिलंय, जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये एम25 या ताकदीच्या दर्जापर्यंत 20 टक्के चालते. युरोपने 2023 मध्ये ईएन 197-6 हे सिमेंटचं मानक आणून अशी पूड थेट सिमेंटमध्ये घालायला वाट करून दिली.

अडतंय ते पाडकामाच्या जागी. मशीन लावून दोन दिवसांत इमारत खाली आणली की वीट, काँक्रीट, पीओपी, लाकूड, फरशी, वायरी सगळ्याचा एकच काला होतो. पीओपीतलं जिप्सम सगळ्यात घातक. त्यातलं सल्फेट सिमेंटच्या अल्युमिनाशी जुळून आतल्या आत फुगतं आणि काँक्रीटला तडे पाडतं. एकदा दळून पूड झाली की ते वेगळं करणं जवळपास अशक्य. त्यामुळे पीओपीची छतं आणि पार्टिशन आधी हाताने उतरवा, मग वीट, मग सांगाडा. वेळ लागतो, मजुरी लागते, आणि पाडकामाचं टेंडर मात्र सगळ्यात झटपट पाडणाऱ्याला जातं. माझ्या मते संशोधनाच्या दहा प्रकल्पांपेक्षा टेंडरमधली ही एक अट बदलण्याने जास्त फरक पडेल.

आणि 28 दिवसांनीच क्यूब फोडून ताकद मोजायचा हट्टही जरा सैल करा. विटेच्या पुडीचं काम सावकाश चालतं. 28 दिवसांना मागे वाटणारा माल बऱ्याचदा 90 दिवसांना बरोबरी गाठतो. पायाच्या राफ्टला (इमारतीखालच्या सलग स्लॅबला) पूर्ण भार यायला काही महिने जातातच, तिथे इतकी घाई कशाला? तेव्हा कोणी 'ग्रीन काँक्रीट' गळ्यात मारायला आला तर तीन गोष्टी मागा: एका घनमीटरला सिमेंट किती किलो कमी झालं, पुडीतल्या सल्फेटचा रिपोर्ट आणि 90 दिवसांचे क्यूब. पहिल्याच प्रश्नाला तो खडीबद्दल बोलायला लागला, तर काय ते समजून जा.