हुर्यो कुणाची उडवायची?

१ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. मुंबई इंडियन्सचा त्या मोसमातला घरचा पहिला सामना, समोर राजस्थान रॉयल्स. नाणेफेकीला हार्दिक पांड्या आला आणि अख्ख्या स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. इतकी की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. पुढे सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या रोहित शर्मानेच हाताने खुणावलं, पुरे करा. अहमदाबादलाही आठवडाभर आधी हेच झालं होतं, पण तिथला राग गुजरातचा संघ सोडून गेलेल्या कप्तानावर होता. मुंबईत घरच्या प्रेक्षकांनी रोहितच्या जागी आलेल्या घरच्याच कप्तानाला ऐकवलं.

हा विषय निघाला की अजूनही दोन गट पडतात. एक म्हणतो, आपल्या प्रेक्षकांना संस्कृती नाही. दुसरा म्हणतो, तिकिटाचे पैसे मोजलेत, ओरडणारच. मी हुर्यो उडवण्याच्या विरोधात अजिबात नाही. प्रेक्षक म्हणजे काही पुतळे नव्हेत. २००६ च्या मार्चमध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत एक धाव करून परतणाऱ्या सचिन तेंडुलकरलाही याच मैदानावर हुर्यो ऐकावी लागली होती. तेव्हाही वाईट वाटलं होतं, पण खेळ आवडला नाही हे सांगायचा हक्क मी प्रेक्षकांना देते. त्या हक्काला एक हद्द आहे, आणि ती २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ओलांडली गेली. पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीच्या धर्मावरून लोकांनी जे लिहिलं, त्याला टीका म्हणता येत नाही. पुढे २०२३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात याच वानखेडेवर त्याने सात बळी घेतले आणि स्टेडियम त्याच्या नावाने दुमदुमलं, म्हणून आधीचं पुसलं गेलं असं मी मानत नाही.

पण हार्दिकच्या बाबतीत मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. रोहितला कप्तानपदावरून काढलं कुणी?

रोहितने या संघाला पाच विजेतेपदं मिळवून दिली. २०१३, १५, १७, १९, २०. त्याच्या जागी हार्दिकला आणायचा निर्णय १५ डिसेंबर २०२३ ला जाहीर झाला. घेतला तो मालकांनी आणि व्यवस्थापनाने. हार्दिकने दिलेलं पद स्वीकारलं, दुसरं काय करणार होता? लोक भडकले, लाखोंनी संघाची पानं अनफॉलो केली, आणि साडेतीन महिन्यांनी तो सगळा राग मैदानात समोर दिसणाऱ्या एका माणसावर ओतला. का? कारण तो समोर होता. निर्णय घेणारे काचेआड बसलेले होते आणि त्यांच्यापर्यंत आवाज पोचवायची कुठलीच वाट आपल्याकडे नव्हती. मुंबई त्या मोसमात तळाला राहिली. मग २९ जून आला. बार्बाडोसला शेवटच्या षटकात सोळा धावा राखायच्या होत्या, चेंडू हार्दिकच्या हातात होता, आणि भारत सात धावांनी टी-२० विश्वचषक जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर 'हार्दिक, हार्दिक' सुरू झालं. खूप लोकांनी याला 'वर्तुळ पूर्ण झालं' म्हटलं. मला ते पटलं नाही. एप्रिलमध्ये ज्यांना प्रश्न विचारायला हवा होता त्यांना जुलैमध्येही कुणी विचारला नाही. फक्त खेळाडूबद्दलचा मूड बदलला.

आता त्याच डिसेंबरमध्ये जर्मनीत काय चाललं होतं ते बघा. तिथल्या फुटबॉल लीगने पुढच्या वीस वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला आठ टक्क्यांपर्यंतचा वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकायचं ठरवलं. रक्कम सुमारे एक अब्ज युरो. ११ डिसेंबर २०२३ ला क्लबांनी मतदान केलं, आणि प्रेक्षक बिथरले. पण त्यांनी कुठल्या गोलकीपरला शिव्या घातल्या नाहीत. सामना सुरू असताना ते स्टँडमधून टेनिसचे चेंडू मैदानात टाकायचे, खेळ थांबायचा, चेंडू गोळा केले जायचे, पुन्हा टाकायचे. आठवड्यामागून आठवडे हे चाललं. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने तो व्यवहार सोडून दिला. म्हणजे आपण हार्दिकवर ओरडायला सुरुवात करण्याआधीच त्यांचं काम झालेलं होतं.

हे त्यांना जमलं कारण तिथल्या बहुतेक क्लबांमध्ये मतांचा पन्नास टक्क्यांहून जास्त हिस्सा सभासदांकडेच ठेवायचा नियम आहे. इंग्लंडमध्ये तसा नियम नाही, तरी २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी काय केलं? सर्वात महाग तिकीट ७७ पौंडांचं होणार म्हटल्यावर सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालायला लागले. संघ दोन गोलांनी पुढे होता. मागे रिकाम्या खुर्च्या राहिल्या, सामना बरोबरीत सुटला, आणि काही दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. आपल्याकडच्या फुटबॉलमध्येही ही जाण आहे. केरळ ब्लास्टर्सच्या 'मंजप्पडा' या चाहत्यांच्या गटाने २०२५ च्या सुरुवातीला खराब कामगिरीबद्दल थेट व्यवस्थापनाला जाब विचारला, खेळाडूंना नाही. वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमधल्या मंडळींचा आवाज देशात कुणापेक्षा कमी नाही. तो आवाज घोषणांपुरता राहतो, याची मला खंत आहे.

'आयपीएल हा खाजगी धंदा आहे, पटत नसेल तर जाऊ नका,' असं मला ऐकवलं जातं. खाजगी कसा? वानखेडेची जमीन राज्य सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली. बंदोबस्ताला मुंबई पोलीस. आणि त्या बंदोबस्ताचं शुल्क २०२३ मध्ये सरकारने घटवलं, तेही २०११ पासून मागे जाऊन. त्यावर उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ज्या लीगच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाले, तिला ही सवलत कशासाठी? सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर ४० टक्के जीएसटी आहे. तो कोण भरतं? सवलत त्यांना, कर आपल्याला, आणि एवढं करून आत जाताना प्यायच्या पाण्याची बाटली दारातच काढून घेतली जाते.

इथपर्यंतचं सगळं पैशाचं झालं. खरी बोच पुढे आहे.

३ जून २०२५ ला बंगळुरूचा संघ अठराव्या मोसमात पहिल्यांदा आयपीएल जिंकला. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीची पोस्ट संघाच्या पानावर आली, पोलिसांची परवानगी नसताना. तिथल्या चिन्नास्वामी स्टेडियमची क्षमता पस्तीस हजारांच्या आसपास, लोटलेले लोक लाखोंनी. गेटवरच्या चेंगराचेंगरीत अकरा जण गेले. बरेचसे कोवळ्या वयाचे, एकही दगड न मारलेले, फक्त आनंदाने आलेले. त्यांच्या नावाने आपण काय केलं? विराट कोहली दोषी की नाही यावर हॅशटॅग चालवले. पुन्हा तेच, समोर दिसणारा खेळाडू.

बंगळुरूला शिव्या घालून मुंबईने मोकळं होऊ नये. ४ जुलै २०२४ ला मरिन ड्राइव्हवर काय कमी गर्दी होती? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला इमारती, मधे माणसांचा नुसता लोट. काहींना गुदमरून दवाखान्यात न्यावं लागलं. सकाळी रस्त्यावर चपलांचे ढीग पडलेले होते. चप्पल पायातून निघते आणि ती उचलायला वाकता येत नाही, तेव्हा गर्दी कुठल्या टोकाला गेलेली असते ते विचार करून बघा. त्या दिवशी त्या गर्दीने एका रुग्णवाहिकेला वाट करून दिली, त्याचं कौतुक झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण आपण वाचलो ते लोकांच्या समजुतीने, नियोजनाने नाही. बरोबर अकरा महिन्यांनी बंगळुरू घडलं.

आणि त्याचाच एक धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. चिन्नास्वामी सुरक्षित नाही म्हणून महिला विश्वचषकाचे सामने तिथून हलवून नवी मुंबईला दिले गेले. उपांत्य सामन्यातलं जेमिमा रॉड्रिग्सचं १२७ नाबाद, २ नोव्हेंबर २०२५ चा अंतिम सामना, कप्तान हरमनप्रीतच्या हातातला चषक, हे सगळं डी. वाय. पाटीलवर झालं ते त्यामुळे. त्या स्पर्धेची तिकिटं शंभर रुपयांपासून होती. पोरीबाळी, आज्या, अख्खी कुटुंबं स्टँडमध्ये दिसली. सामान्य माणसाला परवडेल असा दर ठेवला की स्टेडियम कुणाचं होतं ते तेव्हा दिसलं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक सामन्याआधी एकूण किती जागा, किती तिकिटं विक्रीला, किती पास कुणाला, हे छापून जाहीर करा. उघड्या राहणाऱ्या गेटांची संख्या आणि डॉक्टर कुठे बसणार तेही. आत पिण्याचं पाणी फुकट द्या. विजयाची मिरवणूक पोलिसांची लेखी परवानगी हातात आल्यावरच जाहीर करा. आणि सामन्याच्या नियोजनाच्या बैठकीत पैसे भरून बसणाऱ्या प्रेक्षकांचा एक प्रतिनिधी असू द्या.

हे मागायचं कुणाकडे, तर मुंबई क्रिकेट असोसिएशनमध्ये बरीचशी मतं आहेत ती मैदानांवरच्या क्लबांची. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, दादर-माटुंग्याचे क्लब. माझ्या मित्रयादीत या क्लबांशी जोडलेले बरेच जण आहेत, हे मला माहीत आहे. निवडणुकीच्या वेळी उमेदवार तुमच्या दारात येतात. पुढच्या वेळी आले की पासच्या आधी हे पाच मुद्दे समोर ठेवा, आणि काय उत्तर मिळालं ते इथे लिहा. पुण्या-नागपूरच्या मित्रांनो, तुमच्या संघटनेत मतं कुणाकडे आहेत तेही सांगा.