लोकसभा पाहताना घ्यावयाची काळजी

लोकसभेचे कामकाज घरबसल्या पाहण्याची इच्छा झालीच, तर पहिली सूचना अशी की, चहा साडेदहाच्या आत करून प्यावा. सभागृह अकरा वाजता भरते, आणि तुम्ही आधण ठेवून आले किसेपर्यंत ते तहकूबही झालेले असते. अनुभवी प्रेक्षक फराळसुद्धा आधीच उरकून घेतात. आम्ही अनुभवी नव्हतो. त्यामुळे २०२५ च्या श्रावणातल्या एका सोमवारी आमची साबुदाण्याची खिचडी कढईतच गार झाली, आणि निदान इतरांवर तरी ही वेळ येऊ नये, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

दुसरी सूचना घड्याळाविषयी आहे. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षे काढली. भोंगा झाल्यानंतर दहा मिनिटांनी फाटकातून आत येणाऱ्याच्या नावापुढे मस्टरवर काय लिहायचे, हे ठरवणे माझे काम होते. त्या नोकरीने मला मिनिटे मोजण्याची वाईट खोड लावली. लोकसभा पाहणाऱ्याने ही खोड सोडावी आणि शक्य असल्यास भिंतीवरचे घड्याळ उतरवून ठेवावे.

तिसरी सूचना प्रश्नोत्तराच्या तासाची असून ती थोडी लांबणार आहे.

बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा असतो, असे पुस्तकात लिहिलेले आहे. खासदाराने पंधरा दिवस आधी सूचना द्यायची, मंत्रालयांचे वार ठरलेले असतात, आणि सोडतीत नशीब उघडले तर त्याचा प्रश्न त्या दिवशीच्या वीस तारांकित प्रश्नांत बसतो. आणखी २३० प्रश्न अतारांकित असतात. त्यांची उत्तरे फक्त लेखी मिळतात. ताऱ्याची किंमत एवढ्यासाठीच की, तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्या उत्तरावर पूरक प्रश्न विचारता येतो. मूळ प्रश्नाचे उत्तर खात्यातले अधिकारी पंधरा दिवस बसून लिहितात. पूरक प्रश्न मात्र समोरून अचानक येतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात मंत्र्यांना खात्यातले किती कळते, हे साऱ्या देशाला दिसते. तारांकित प्रश्नाचा जीव पूरक प्रश्नात असतो. हे कळण्याइतके शहाणपण आमच्यात होते, आणि तीच आमची चूक झाली.

आमचा, म्हणजे कारखान्यातल्या आम्हा निवृत्तांचा, विषय कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ हा होता. आमचे निवृत्तिवेतन याच योजनेतून येते. ज्यांच्या घरी ही योजना चालते त्यांना अधिक सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी ती चालत नाही त्यांना सांगून खरे वाटणार नाही. किमान निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये ठरले ते २०१४ मध्ये, आणि आजही ते तेवढेच आहे. मला स्वतःला २,११४ रुपये मिळतात आणि मित्रमंडळींत मी सधन गणला जातो. आम्ही आमच्या खासदारांना निवेदने दिली, पुन्हा दिली, मग पुन्हा दिली. अखेर एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या स्वीय सहायकांचा फोन आला. “काका, तुमचा प्रश्न लागला. सोमवारच्या यादीत तिसरा आहे.” (खासदार कोणत्या पक्षाचे, हे मी सांगणार नाही, कारण पुढे जे घडले ते कोणत्याही पक्षात घडू शकते.)

शांतपणे तास चालला तरी वीसपैकी पाच-सहाच प्रश्न तोंडी होतात. त्यामुळे तिसरा क्रमांक म्हणजे जवळजवळ लॉटरी. सोमवारी सकाळी दहापासून मंडळी माझ्या घरी जमू लागली. कारखान्यात साखर शिजवणारे पॅनमन इस्त्रीचा सदरा घालून आले होते. बॉयलरवरच्या मामांनी कानातल्या यंत्राला नवा सेल घातला होता. शेतकी खात्यातला स्लिपबॉय, जो आता सदुसष्ट वर्षांचा आहे, सर्वांत पुढे पाटावर बसला. आदल्या रात्री आम्ही दोन पूरक प्रश्न दिनदर्शिकेच्या जून महिन्याच्या पानामागे सुवाच्य अक्षरात लिहून काढले होते आणि त्याचा फोटो स्वीय सहायकांना पाठवला होता. त्यांनी त्यावर अंगठा दाखवला होता.

अकरा वाजता अध्यक्ष आले, सारे उभे राहिले आणि नमस्कार झाले. अकरा वाजून एक मिनिटाने पहिला प्रश्न पुकारण्यात आला, आणि त्याच क्षणी फलक वर झाले. अध्यक्षांनी प्रश्नोत्तराच्या तासाचे महत्त्व समजावून सांगितले. त्या महत्त्वाचे दोन मिनिटे वर्णन चालले. पहिल्या प्रश्नाच्या मालकाचे ओठ हलताना दिसत होते. फलकवाले खासदार अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरले. तिला वेल म्हणजे विहीर म्हणतात. आमच्याकडे विहिरीत उतरलेला माणूस निदान गाळ तरी काढतो. अकरा वाजून सहा मिनिटांनी सभागृह तहकूब झाले, आणि पडद्यावर भलतेच काहीतरी दिसू लागल्यामुळे मामांनी विचारले, “लाइट गेली का?”

दुपारी चार वाजता खासदारांच्या कार्यालयाकडून आमच्या गटावर एक चित्र आले. त्यात खासदारांचा हात उंचावलेला होता आणि वर ठळक अक्षरांत लिहिले होते की, निवृत्तिवेतनधारकांच्या प्रश्नावर त्यांनी लोकसभेत आवाज उठवला. आवाज उठवला हे मात्र कोणी नाकारू शकणार नाही. तो आम्ही पाच मिनिटे ऐकला होता.

याच सूचनेचा उत्तरार्ध असा की, आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, अशी तक्रार चुकूनही करू नये, कारण ते मिळालेले असते. तास वाया गेला की तारांकित प्रश्नांची उत्तरेही लेखी मानली जातात आणि पटलावर ठेवली जातात. मी ते उत्तर नातवाकडून संकेतस्थळावरून उतरवून घेतले. वर आमच्या प्रश्नाचे (क) पासून (ङ) पर्यंत पाच भाग होते. खाली उत्तर होते की, (क) ते (ङ) यांविषयीचे विवरणपत्र सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येत आहे. पुढच्या पानावर ते विवरणपत्र होते, आणि त्यात सांगितले होते की, नियोक्ता वेतनाच्या ८.३३ टक्के भरतो, केंद्र सरकार १५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर १.१६ टक्के भरते, किमान निवृत्तिवेतनासाठी सरकार अर्थसंकल्पातून साहाय्य करते, आणि ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनानुसार निधीत तूट आहे. यातला प्रत्येक शब्द आम्हाला पाठ आहे, कारण दर अधिवेशनात कोणी ना कोणी हाच प्रश्न विचारतो आणि हेच उत्तर पटलावर ठेवले जाते. ते कोणाला पटले की नाही, हे विचारायची सोय फक्त पूरक प्रश्नात असते, आणि तो तर बाराच्या आत विहिरीत गेलेला असतो.

बाकीच्या सूचना किरकोळ आहेत.

गणपूर्तीची घंटा वाजू लागली तर उठून दार उघडायला जाऊ नये. ५४३ जागांच्या सभागृहात एक दशांश म्हणजे ५५ सदस्य हजर असावेत, एवढीच राज्यघटनेची अपेक्षा आहे, आणि ती घंटा त्यांच्यासाठी असते.

लोकसभेचे उपाध्यक्ष कोण, असे नातवाने स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी विचारल्यास विषय बदलावा. सतराव्या लोकसभेने पाचही वर्षे ते पद रिकामे ठेवले, आणि अठराव्या लोकसभेलाही अजून घाई नाही.

शुक्रवारी दुपारी अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची, विधेयके असतात. ती पाहू नयेत, उगाच आशा वाटू लागते.

विधेयक मंजूर होताना पाहायचे असल्यास पापणी लववू नये. ११ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे श्रावणी सोमवारीच, नवे आयकर विधेयक सभागृहात आले. त्यात ५३६ कलमे आहेत आणि ते १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आणलेले होते. आधीच्या मसुद्यावर खासदारांच्या प्रवर समितीने काही महिने काम केले होते, हे मान्य करायलाच हवे; पण सभागृहाने नव्या विधेयकाला चर्चेशिवाय काही मिनिटे दिली आणि आवाजी मतदानाने ते मंजूर केले. आवाजी मतदानाचे शास्त्र गहन आहे. समोर शंभर माणसे ओरडत असताना त्यातले ‘होय’ कोणते, ‘नाही’ कोणते आणि घोषणा कोणती, हे ज्या कानाला कळते, तो कान आमच्या मामांच्या यंत्रात बसवता आला तर बरे होईल. पुढच्या आठवड्यात ऑनलाइन गेमिंगचे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी मंजूर झाले, २१ ला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. माझ्या निवृत्तिवेतनाचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला अकरा महिने लागले होते, आणि त्यात एकही कलम नव्हते.

जुन्या आठवणी काढू नयेत, हेही सांगायला हवे. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, राजापूरहून निवडून जाणारे नाथ पै, बिहारमधून निवडून येऊन नियमांच्या पुस्तकाच्या बळावर सरकारला घाम फोडणारे मधु लिमये, ही नावे घेतली की रक्तदाब वाढतो. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठका झाल्या आणि सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत २७४. वर्षाला पंचावन्नच्या आत-बाहेर. आमच्या कारखान्याचा गळीत हंगाम पंचावन्न दिवसांत आटोपला असता, तर आम्ही त्या वर्षाला दुष्काळ म्हटले असते आणि संचालक मंडळाला शेतकऱ्यांनी फाटकावर अडवले असते.

दोष कोणाचा, हे मात्र विचारू नये, कारण उत्तर दोन्ही बाकांवर तयार असते. २०२५ मध्ये विरोधकांना बिहारमधील मतदारयाद्यांच्या पुनरीक्षणावर चर्चा हवी होती आणि सरकारला ती नको होती. २०१० च्या हिवाळी अधिवेशनात टू-जी दूरसंचार परवान्यांच्या प्रकरणी तेव्हाच्या विरोधकांना संयुक्त संसदीय समिती हवी होती आणि तेव्हाच्या सरकारला ती नको होती, आणि अख्खे अधिवेशन वाया गेले होते. माणसे इकडची तिकडे बसली, एवढाच फरक. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेचे १०० सदस्य निलंबित झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे प्रश्नही यादीतून काढले गेले. म्हणजे भांडण कोणाचेही असो, खाडा प्रश्नाचा लागतो.

२०२५ चे हे पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टला संपले तेव्हा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी स्वतःच हिशेब सांगितला. चर्चेसाठी १२० तास ठरले होते, त्यातले ३७ झाले. ४१९ तारांकित प्रश्न यादीत होते, त्यातल्या ५५ ची तोंडी उत्तरे झाली. आमचा प्रश्न उरलेल्या ३६४ मध्ये आहे. मी हे आकडे सवयीने वहीत उतरवले, आणि ते उतरवताना माझा उपरोध संपला.

खासदारांचा दैनिक भत्ता आता २,५०० रुपये आहे. बैठकीच्या एका दिवसाची हजेरी नोंदवली की तो लागू होतो. सभागृह सहा मिनिटे चालले की सहा तास, याच्याशी त्याचा संबंध नाही. माझे महिन्याचे निवृत्तिवेतन २,११४ रुपये आहे. माजी खासदाराचे महिन्याचे निवृत्तिवेतन २०२५ मध्ये ३१,००० रुपये झाले, पाचाहून अधिक वर्षे भरली असतील तर दर वर्षामागे आणखी २,५०० मिळतात, आणि महागाईच्या निर्देशांकानुसार दर पाच वर्षांनी वाढ व्हावी, अशी कायद्यातच तरतूद २०१८ मध्ये करून घेतलेली आहे. ती तरतूद करताना कोणी फलक घेऊन विहिरीत उतरल्याचे मला आठवत नाही. तुमच्यासाठी निर्देशांक आणि आमच्यासाठी २०१४ चे हजार रुपये, हा हिशेब कोणत्या टाइम ऑफिसात बसतो? दहा मिनिटे उशिरा आलेल्या फिटरचा अर्धा दिवस मी कापला आहे, आणि त्याच्या बायकोने दारात येऊन दिलेले शिव्याशाप ऐकले आहेत. तुमचा अर्धा दिवस कोण कापतो?

विरोधी बाकांवरच्यांनो, तुमचा मुद्दा खरा असेल, महत्त्वाचाही असेल. पण घोषणांना संसद भवनाचे मकरद्वार आहे, सारे आवार आहे, दुपार आहे, संध्याकाळ आहे. तो एकच तास असा आहे की ज्यात मंत्र्याला पळता येत नाही, आणि तुम्ही रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्याची सुटका करता. सत्ताधारी बाकांवरच्यांनो, तुम्ही दुःखी चेहरा करून बसता, पण तहकुबी झाली की सर्वांत आधी कोणाचा जीव भांड्यात पडतो, हे आम्हाला घरबसल्या दिसते. चर्चा द्या, नाही म्हणायचे असेल तर उभे राहून का नाही ते सांगा, पण गोंगाटाच्या आडोशाला बसून पटलावर कागद ठेवत जाऊ नका. आणि त्या उंचावलेल्या हाताच्या चित्राला ज्यांनी गटावर फुले वाहिली, त्यांत आमचे दोघे फिटरही होते. त्यांनाही मी त्याच संध्याकाळी बोललो आहे.

आमचे दोन पूरक प्रश्न अजून दिनदर्शिकेच्या पानामागे आहेत. दुसरा लांबलचक आहे, तो राहू द्या. पहिला पॅनमनने सांगितला आणि मी लिहिला: तूट आहे असे दर वेळी सांगता ती ३१ मार्च २०१९ ची आहे, त्यानंतर सहा वर्षे गेली, तर आज ती किती आहे?